भरवशाच्या यंत्राचा शोध

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. ती उच्चारताना आपण बहुधा म्हशीलाच दोष देत असतो. वास्तविक त्या बिचाऱ्या जनावराने कोणालाही काही वचन दिलेले नसते. रेडी होईल, ती वाढेल, पुढे दूध देईल, हा सगळा हिशेब गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या धन्याने आपल्या मनाशी मांडलेला असतो. टोणगा झाला म्हणजे हिशेब चुकतो, म्हशीचे काहीच चुकत नाही. तरीही राग मात्र तिच्यावर निघतो. भरवसा म्हणजे नेमके काय, आणि तो आपण ज्याच्यावर ठेवतो त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो म्हशीमुळे नव्हे, तर घरातल्या सीडी प्लेअरमुळे.

हे यंत्र मी १९९७ च्या नाताळात घेतले होते. शिक्षकाच्या पगारात ती मोठीच चैन होती. त्यानंतर सव्वीस वर्षे ते दिवाणखान्यातल्या कपाटावर बसून होते. मधे एकदा तबकडीचा ट्रे बाहेर येईना, तेव्हा आतला रबरी पट्टा बदलावा लागला. एवढे सोडले तर त्याने एक पैचाही खर्च मागितला नाही. वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना दमट हवेचे प्रताप सांगायला नकोत. कुलुपे गंजतात, पुस्तकांना बुरशी येते, भिंतींना ओल येते. हे यंत्र मात्र अढळ. पाहुण्यांना मी अभिमानाने सांगत असे, ‘आमच्या प्लेअरला आजवर कधी हात लावावा लागला नाही.’ या वाक्यात माझीच लाज दडलेली आहे, हे मला फार उशिरा उमगले.

२०२३ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी प्लेअरने तबकडी आत घेतली, क्षणभर फिरवून पाहिली आणि ‘तबकडी नाही’ असा निरोप आपल्या हिरव्या अक्षरांत दाखविला. दुसरी तबकडी घातली, तिसरी घातली. उत्तर तेच. आदल्या आठवड्यापर्यंत सुरेल वाजत असलेले यंत्र एका रात्रीत आंधळे झाले.

आमच्याकडे दीडशेच्या आसपास सीडी असतील. त्यांतील बहुतेकांवाचून मी राहू शकलो असतो. परंतु त्यांत एक तबकडी अशी होती की जिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. २००४ साली माझ्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात आईने आणि तिच्या चार सोबतिणींनी आमच्या सामवेदी बोलीतली लग्नगीते म्हटली होती. कोणा हौशी तरुणाने ती ध्वनिमुद्रित करून आम्हाला एक तबकडी करून दिली. त्या पाचजणींपैकी आज एकच हयात आहे. आई २०१३ मध्ये गेली. घरात तिची छायाचित्रे पुष्कळ आहेत. आवाज मात्र तेवढाच.

म्हणून मी भरवशाच्या यंत्राच्या शोधाला निघालो.

या शोधात जे दिसले ते थोडक्यात सांगतो. सीडी प्लेअर ही वस्तू अजून नामशेष झालेली नाही. डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांसारख्या कंपन्या आजही ती तयार करतात. पण त्या यंत्रांच्या किमती पेन्शनरास घाम फोडणाऱ्या आहेत. गावातल्या दुकानात स्वस्त असे जे मिळते ते पोकळ डब्यासारखे हलके. जुन्या मालाच्या बाजारात सुंदर यंत्रे पाहायला मिळतात; पण त्यांपैकी कित्येकांचा तबकडी वाचणारा भाग आता नवा मिळत नाही, आणि मिळतो तो नकली निघण्याची धास्ती. एके काळी असल्या गोष्टींची विचारपूस करायला मी मुंबईला काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जाई. ते दुकानही २०१६ साली बंद झाले. अखेरीस एका दुकानदाराने ‘एकदम भरवशाचा पीस आहे’ असे सांगून एक नवा प्लेअर माझ्या गळ्यात मारला. बारा महिन्यांची हमी होती. चौदाव्या महिन्यात त्याने मान टाकली. दुकानदार म्हणाला, ‘सर, हे आता कोणी उघडत नाही. नवीन घ्या.’

मला संताप आला. घरी परतताना मात्र त्या संतापाचेच कोडे पडले. मी रागावलो होतो ते कोणावर? त्या डब्यावर? त्याने तर मला शब्द दिला नव्हता.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. तो इतक्या ठरलेल्या वेळी फिरायला निघे की कोनिग्सबर्गचे लोक म्हणे त्याला पाहून आपली घड्याळे लावीत. ॲनेट बायर या विदुषीने १९८६ साली विश्वासावर लिहिलेल्या एका निबंधात या गोष्टीचा मार्मिक उपयोग केला आहे. तिचे म्हणणे असे की, कांट एखाद्या दिवशी उशिरापर्यंत झोपला असता तर शेजाऱ्यांची गैरसोय झाली असती, पण आपला विश्वासघात झाला असे ते म्हणू शकले नसते. ते त्याच्या सवयीवर विसंबून होते. त्याने त्यांना आपल्या भरवशावर घेतलेले नव्हते. विसंबणे वेगळे आणि विश्वास ठेवणे वेगळे. सूर्योदयावर आपण विसंबतो. विश्वास मात्र अशावरच ठेवता येतो की ज्याच्या मनात आपल्याविषयी काही सद्‌भाव असण्याची शक्यता आहे, आणि म्हणून जो आपल्याला दगाही देऊ शकतो.

ही फोड मला पटली, आणि तिने माझे कोडे अर्धे सोडविले. माझा राग यंत्रावर नव्हताच, तो ‘भरवशाचा’ हा शब्द उच्चारणाऱ्या माणसावर होता. यंत्राचा भरवसा म्हणजे शेवटी माणसांचाच भरवसा असतो: ज्याने ते घडविले, ज्याने त्याचे सुटे भाग पुढली पंधरावीस वर्षे ठेवायचे कबूल केले, ज्याने ते विकताना खरे सांगितले आणि जो ते उघडून दुरुस्त करू शकतो त्या सर्वांचा. ज्या वस्तूमागे यांपैकी एकही माणूस उभा नाही ती वस्तू कितीही मजबूत असो, तिच्याविषयी भरवसा हा शब्द वापरणे म्हणजे भाषेचा गैरवापर होय. तेव्हा कोणी मला आज विचारले की कोणता प्लेअर घ्यावा, तर मी कंपनीचे नाव न सांगता उलट विचारीन की तुमच्या गावात तो उघडणारा कोण आहे. आणि व्यवहाराचेच बोलायचे तर, घरात जुना डीव्हीडी प्लेअर धूळ खात पडला असेल तर तो आधी जोडून पाहा. त्यावर गाण्याची सीडी उत्तम वाजते.

कोड्याचा उरलेला अर्धा भाग सुटला तो स्टेशनच्या बाजूच्या एका बोळात. तेथे एक गृहस्थ रेडिओ, ॲम्प्लिफायर असले काहीबाही दुरुस्त करतात. मी सव्वीस वर्षांचा प्लेअर पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला. त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले आणि आतले ते वाटाण्याएवढे भिंग दाखविले. त्यावर धुरकट पापुद्रा साचला होता.

‘सर, ही धूळ एका रात्रीतली नाही. आठदहा वर्षांची आहे. आणि लेझरही थकलाय.’

‘पण अहो, परवापर्यंत अगदी स्वच्छ वाजत होता. जरासुद्धा खरखर नाही.’

‘तेच तर. कॅसेट आधीपासून रडायला लागते. सीडी शेवटपर्यंत सांगत नाही.’

या उत्तराने मी चमकलो. पुढे काही दिवस या विषयावर मिळेल ते वाचीत राहिलो. वाचकांपैकी अनेकांकडे अशा तबकड्या असतील, म्हणून जे समजले ते जरा विस्ताराने मांडतो.

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून घडविलेली ही तबकडी १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर आतून बाहेर उलगडत जाणारी एक सर्पिल वाट असते. तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर मिलिमीटरच्या सहाशेव्या भागाएवढे, आणि सारी वाट सरळ केली तर पाच किलोमीटरहून अधिक लांब. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आवाजाची दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मोजमापे या वाटेवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने नोंदलेली असतात. एवढ्या बारीक नोंदीवर बोटाचा एक ठसा उमटला तरी हजारो आकडे झाकले जातात. मग ती वाजते कशी?

ती वाजते, कारण ज्यांनी ती रचली त्यांनी चुका होणार हे गृहीतच धरले होते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० साली एक पद्धत प्रसिद्ध केली: मूळ आकड्यांबरोबर काही जादा आकडे असे जोडायचे की त्यांतले काही हरवले तरी उरलेल्यांवरून हरवलेले पुन्हा काढता यावेत. व्हॉयेजर २ या यानाने १९८६ मध्ये युरेनसजवळून जी चित्रे पाठविली त्यांच्या रक्षणासाठी हेच गणित राबले. सीडीमध्ये याच्या जोडीला आणखी एक युक्ती आहे. लागोपाठचे आकडे शेजारीशेजारी न ठेवता दूरदूर विखुरलेले असतात. प्रवासाला निघताना आपली आजी सगळे पैसे एका बटव्यात न ठेवता थोडे कमरेला, थोडे पिशवीत, थोडे नातवाच्या खिशात ठेवीत असे, तसेच हे. एक खिसा कापला गेला तरी गाडीभाडे उरते. त्यामुळे वाटेवर सलग अडीच मिलिमीटरपर्यंत काही वाचता आले नाही तरी मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळवता येतो. (म्हणूनच तबकडी पुसताना मध्यापासून कडेकडे पुसावी. आडवा ओरखडा वाटेला क्षणभर छेदून जातो. वाटेच्या बरोबरीने जाणारा गोल ओरखडा तिला सलग खाऊन टाकतो.)

इथवर सगळे कौतुकास्पद. परंतु नुकसान त्याहून मोठे झाले, तर यंत्र दुसरा उपाय करते. हरवलेल्या आकड्याच्या मागचा आणि पुढचा आकडा पाहून मधला कोणता असेल याचा ते अंदाज बांधते आणि तो अंदाजच आपल्याला ऐकवते. कानाला सहसा फरक कळत नाही. आणि अंदाज बांधण्याइतकाही आधार उरला नाही, म्हणजे मग ते गप्प बसते. आधी दुरुस्ती, मग अंदाज, मग मौन. आपल्या पदरी फक्त मौन येते. त्याआधीचे कष्ट आपल्याला ऐकू येत नाहीत. विशेष म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपला प्रत्येक चूक कळलेली असते. ती चूक ऐकणाऱ्याला सांगण्याची सोय तेवढी घरगुती यंत्रात ठेवलेली नसते.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मला आईची शेवटची वर्षे आठवली.

आई कधी तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. आमच्या घरी कोणी आले की मी म्हणत असे, ‘आईचा आम्हाला काही म्हणजे काही त्रास नाही.’ २००८ च्या सुमारास तिला कमी ऐकू येऊ लागले असावे. असावे असे म्हणतो, कारण आम्हाला ते समजले ते २०१० मध्ये. मधली दोन वर्षे ती अंदाजाने बोलत होती. आपण काही विचारले की ओठांकडे पाही, वाक्याचा आधीचा आणि नंतरचा शब्द पकडी आणि मधला आपल्या मनाने भरी. ‘जेवलीस का?’ आणि ‘झोपलीस का?’ या दोन्हींना ‘हो’ हे उत्तर चालून जाते. विनोदावर इतर हसले की तीही हसे. पत्नी मुलांवर ओरडे, मुले एकमेकांशी भांडत, टीव्ही चालू असे, आणि आई कोपऱ्यात बसून सर्वांकडे प्रसन्न मुद्रेने पाहत असे. मग तिने हळूहळू बोलणे कमी केले. संध्याकाळच्या प्रार्थनेत पूर्वी तिचा आवाज सर्वांत वर असे. तो खाली आला, आणि एके दिवशी ती नुसती ओठ हलवीत आहे असे माझ्या धाकट्या मुलाच्या लक्षात आले. डॉक्टरांनी तपासले तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. कानाचे यंत्र आणले, पण तिला त्याची सवय झाली नाही. ती गाणे म्हणाली नाही ती नाहीच.

तिच्या चार सोबतिणींतली जी आज हयात आहे ती मला मागे म्हणाली, ‘तुझ्या आयला काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. ती मला सांगायची.’

‘मावशी, मग आम्हाला का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही कुठं विचारलंत?’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आईने आमच्यापासून लपविले ते आमच्यावरील मायेपोटी, यात शंका नाही. प्लेअरची रचना करणाऱ्यांनीही ऐकणाऱ्याचा रसभंग होऊ नये म्हणूनच चुका झाकण्याची व्यवस्था केली. झाकणे हे सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दहा वेळा कण्हणाऱ्या माणसाबरोबर राहणे किती जड जाते हे ज्याने अनुभवले आहे तो माझ्याशी सहमत होईल. आणि प्रत्येक धुळीच्या कणाला खरखरणारा प्लेअर मी स्वतः तरी विकत घेणार नाही. माझे म्हणणे निराळे आहे. जो कुरकुरत नाही त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी कुरकुरणाऱ्यापेक्षा अधिक आहे, आणि आपण नेमके उलटे वागतो. दर पावसाळ्यात गळणारे छप्पर आपण दर पावसाळ्यात शाकारतो. न गळणाऱ्याकडे मान वर करून पाहत नाही. भरवसा हा शब्द तोंडाने उच्चारताना आपण त्याला शाबासकी देत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात आपण त्याच्याकडे पाठ फिरविण्याची परवानगी स्वतःला देत असतो. सव्वीस वर्षांत त्या भिंगावर हलकासा बोळा फिरविण्यास पाच मिनिटे लागली असती.

बायरची ती फोड इथे मात्र मला अपुरी वाटते. दगा कोण देऊ शकतो आणि कोण नाही, याचा विचार तिच्यामुळे स्पष्ट होतो. परंतु प्लेअरने मला दगा दिला नाही हे जितके खरे, तितकेच माझ्याकडून काहीतरी व्हायला हवे होते ते झाले नाही हेही खरे. यंत्राला त्याचे सुखदुःख नाही. पण त्या यंत्राच्या आधाराने मी माझ्या आईचा आवाज सांभाळीत होतो, आणि सांभाळण्याचे काम मी त्याच्यावर सोपवून मोकळा झालो होतो.

मुलाचे मत असे की या साऱ्या खटाटोपाचे आता काही कारण उरले नाही. मोबाइलवर जगातले सगळे संगीत हात जोडून उभे आहे. त्याचे बरेचसे खरे आहे. परंतु तेथेही जे गाणे काल होते ते करार संपला की आज नसते, आणि जाताना ते सांगून जात नाही. शिवाय आमच्या मांडवातली ती पाच बायकांची गीते जगातल्या कोणत्याही भांडारात नाहीत. ती एका चकतीवर होती.

आणि त्या चकतीविषयी मी सर्वांत मोठी चूक केली होती. कारखान्यात ठशाने छापलेली सीडी वेगळी आणि घरच्या संगणकावर ‘बर्न’ केलेली वेगळी. दुसरीत खळगे नसतातच. सेंद्रिय रंगाच्या एका थरावर लेझरने केलेल्या खुणा असतात, आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, काळाने विटतो. तशात तबकडीची नाजूक बाजू आपण समजतो ती चकचकीत नसून नाव लिहिण्याची असते, कारण तिच्या पातळ लेपाखालीच धातूचा थर असतो. आमच्या तबकडीवर कोणीतरी बॉलपेनने दाबून, ठसठशीत अक्षरांत ‘आईची गाणी’ असे लिहिले होते. अक्षर माझेच आहे. मी वर्षभर भरवशाचे यंत्र शोधत हिंडलो आणि त्या वर्षभरात तबकडी खिडकीजवळच्या फळीवर पडून होती.

बोळातल्या त्या गृहस्थांनी कोठल्याशा भंगारातल्या प्लेअरचा भाग काढून आमच्या यंत्राला बसविला. ते पुन्हा वाजू लागले आहे. ‘दोनतीन वर्षं जाईल, त्यापुढचं मी सांगत नाही,’ असे ते म्हणाले. एवढ्या दिवसांच्या शोधात माझ्याशी खरे बोललेले हे पहिलेच वाक्य. आईची तबकडी मात्र त्यांनी प्लेअरमध्ये घालू दिली नाही. त्यांच्या पुतण्याकडे संगणक आहे. त्यावर असा एक प्रोग्रॅम आहे की जो वाचता न आलेली जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतो, आणि तरीही जमले नाही तर तसे स्पष्ट नोंदवितो. त्या तरुणाने तिच्यावर आख्खी दुपार घालविली. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात चार जागा वाचता आल्या नाहीत. त्या चारही जागा बॉलपेनच्या अक्षरांखाली होत्या.

‘सर, ही चार भोकं बुजवून देऊ? आजूबाजूचा आवाज घेऊन मधे भरतो. कळणारसुद्धा नाही.’

मी नको म्हणालो. त्याला ते थोडे विचित्र वाटले असावे.

त्या प्रती आता माझ्याकडे, मुलाकडे आणि भाचीकडे अशा तीन घरी आहेत. तिसऱ्या गीतात, नवरीला हळद लावण्याच्या कडव्यात, आईचा आवाज एकदम तुटतो आणि अर्ध्या सेकंदाने सगळ्याजणी पुढल्या शब्दावर एकत्र येतात. माझ्या चार वर्षांच्या नातीला ती जागा पाठ झाली आहे. ‘आता पणजी थांबणार,’ असे ती आधीच सांगते, आणि घरातले आम्ही सगळे हातातले काम ठेवून थांबतो.